तारीख करंट होईपर्यंत

ग्रीन कार्डाच्या रांगेतल्या माणसाला ‘काय, कुठवर आलं कार्ड?’ असं विचारणं म्हणजे लग्नाला चार वर्षं झालेल्या जोडप्याला ‘गोड बातमी कधी?’ असं विचारण्यासारखं आहे. विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण ऐकणाऱ्याला विषय बदलावासा वाटतो. आमच्या घरी हा प्रश्न जवळजवळ अकरा वर्षं विचारला गेला. नवऱ्याची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी तारीख, नोव्हेंबर २०१० ची आणि कार्ड आलं २०२१ मध्ये. मधल्या काळात मी आधी एच-४ वर, म्हणजे एच-१बी नोकरी व्हिसावाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, घरी बसले, मग ईएडी, म्हणजे कामाची परवानगी, मिळाल्यावर नोकरीला लागले. आता न्यू जर्सीतल्या ओळखीपाळखीची मंडळी आपापली फाईल काखोटीला मारून आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसतात. मी वकील नाही. वकिलाकडे जाण्याआधी काय विचारायचं आणि वकिलाविना काय करता येतं, तेवढं सांगते. हा लेखही तेवढ्याचसाठी.

टेबलाशी बसल्यावर मी पहिल्यांदा विचारते, ‘उशीर नंबर नसल्यामुळे आहे, की नंबर असून फाईल हलत नाही म्हणून?’ निम्म्या लोकांना हा फरकच माहीत नसतो. मग आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते.

नंबर का नसतो, हे एकदा कागदावर मांडून पाहा. १९९० च्या कायद्याने नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांची संख्या वर्षाला साधारण १,४०,००० ठरवली. त्यातला २८.६ टक्के वाटा ईबी-२ गटाचा, म्हणजे ४०,०४०. कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातले साधारण ७ टक्के, म्हणजे २,८०० च्या आसपास. या आकड्यात नवरा, बायको आणि मुलं सगळी मोजली जातात. तिघांचं कुटुंब धरलं, तर वर्षाला नऊशेच्या आसपास घरं झाली. इतर देशांचे किंवा वरच्या गटाचे नंबर उरले, तर एखाद्या वर्षी आकडा फुगतो, एरवी नाही. ऑक्टोबर २०२५ च्या व्हिसा बुलेटिनमध्ये भारताची ईबी-२ ची तारीख होती १ एप्रिल २०१३ आणि ईबी-३ ची २२ ऑगस्ट २०१३. आपल्याच अर्जात काहीतरी खोट आहे, वकील चुकला, कंपनीने घोळ घातला, असं वर्षानुवर्षं मनात धरून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. हा भागाकार त्यांच्यासमोर मांडला, की निदान स्वतःला बोल लावणं थांबतं.

या पहिल्या प्रकारच्या उशिरावर खासदाराला पत्र, कोर्टात दावा, कस्टमर केअरला फोन यांतलं काहीही चालत नाही. दुसऱ्या प्रकारावर मात्र चालतं. तुमची तारीख करंट आहे (म्हणजे तुमचा नंबर आला आहे), आय-४८५ हा ग्रीन कार्डाचा अर्ज दाखल आहे आणि केस नेहमीच्या मुदतीपेक्षा जास्त रखडली आहे, तर आधी ऑनलाइन चौकशी टाका. मग आपल्या मतदारसंघातल्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयात जा. तुम्हाला मत नसलं तरी ते मदत करतात, फक्त माहिती उघड करण्याच्या संमतीपत्रावर सही लागते. त्यानेही काही झालं नाही, तर फेडरल कोर्टात मँडेमसचा दावा लावता येतो. त्यात कोर्ट अधिकाऱ्याला ‘निर्णय घे’ एवढंच सांगतं, ‘होकार दे’ असं सांगत नाही. तारीख करंट नसताना मँडेमसची हमी देणारा वकील भेटला, तर चहा पिऊन निघून या.

बुलेटिन दर महिन्याला परराष्ट्र खातं काढतं आणि त्यात दोन तक्ते असतात. पहिल्या तक्त्यातली तारीख आली, की कार्ड मिळू शकतं. दुसऱ्या तक्त्यातली आली, की नुसता अर्ज दाखल करता येतो. त्या महिन्यात कुठला तक्ता चालेल, ते इमिग्रेशन खातं वेगळं जाहीर करतं. अर्ज दाखल झाल्यावर ईएडी, प्रवासाचं अ‍ॅडव्हान्स पॅरोल आणि १८० दिवसांनंतर त्याच प्रकारच्या कामासाठी कंपनी बदलण्याची मोकळीक मिळते. त्यामुळे दुसऱ्या तक्त्याकडेही डोळा हवा. आमचा अर्ज ऑक्टोबर २०२० मध्ये अशाच उघडलेल्या खिडकीतून आत गेला.

ही खिडकी कधी बंद होईल, याचा मात्र नेम नसतो. सप्टेंबर २०२२ मध्ये भारताची ईबी-२ ची तारीख १ डिसेंबर २०१४ पर्यंत आली होती. ऑक्टोबरला सरकारी वर्ष बदललं आणि ती १ एप्रिल २०१२ ला गेली, डिसेंबरात ८ ऑक्टोबर २०११ ला. मधल्या काळात ज्यांचे कागद तयार नव्हते, त्यांतले बरेच मागे राहिले. त्याआधी जून २००७ मध्ये तर जुलैपासून एकदम जवळजवळ सगळ्या गटांच्या तारखा करंट होणार, असं जाहीर झालं. लोकांनी धावतपळत मेडिकल उरकलं, सुट्ट्या टाकून कागद जमवले, आणि २ जुलैला सरकारने सांगितलं, की नंबर संपले. तेव्हा इथल्या आपल्या लोकांनी ‘लगे रहो मुन्नाभाई’मधली गांधीगिरी केली. १० जुलैला इमिग्रेशन खात्याच्या संचालकांच्या कार्यालयात फुलांचे गुच्छच गुच्छ येऊन पडले. त्यांनी ती फुलं वॉल्टर रीड आणि बेथेस्डाच्या लष्करी इस्पितळांत जखमी सैनिकांकडे पाठवून दिली. १७ जुलैला सरकारने माघार घेतली आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज स्वीकारले. फुलांमुळेच सरकार नमलं, असं म्हणण्याइतकी मी भाबडी नाही, कोर्टातल्या दाव्यांची धास्तीही होती. पण महिन्याभराच्या त्या सवलतीत अर्ज त्यांचेच गेले, ज्यांच्याकडे जन्माचा दाखला होता.

आणि जन्माचा दाखला हेच आपलं मोठं दुखणं. त्यावर जरा सविस्तर सांगते.

१ एप्रिल १९७० नंतर भारतात जन्मलेल्या माणसाकडून अमेरिका नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला मागते, आणि नोंद जन्मानंतर वर्षभरात झालेली असावी, अशी अपेक्षा धरते. आता सत्तर-ऐंशीच्या दशकातले आपले दाखले आठवा. नोंद असते, पण नावाचा रकाना कोरा. बारसं व्हायच्या आत कुणीतरी जाऊन ‘मुलगी’ एवढं लिहून आलेलं असतं. आईचं नाव कुठे माहेरचं, कुठे सासरचं. माझंच घ्या. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने जे नाव लिहिलं, ते पासपोर्टवर गेलं आणि जन्मदाखल्यावरची मुलगी कुणी तिसरीच राहिली. ती मीच, हे पटवण्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातली नावबदलाची जाहिरात आणि शाळा सोडल्याचा दाखला अशी माळ लावावी लागली. कोऱ्या रकान्यात नाव घालून घ्यायला नगरपालिकेत अर्ज करता येतो. तो अर्ज तारीख करंट व्हायची वाट न पाहता, पुढच्या भारतवारीतच करून टाका. रजा तीन आठवड्यांची असेल, तर पहिल्याच सोमवारी त्या खिडकीवर जा, शेवटच्या शुक्रवारी नको. संबंधित बाई त्या दिवशी रजेवर असतात.

नोंदच नसेल, तर नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्या. त्याला शाळेचा दाखला आणि जन्माची स्वतः माहिती असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं जोडायची. इथे आपल्या पिढीतल्या अनेकांची गाठ १ जूनशी पडते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी बसवून दिलेली तारीख. माझ्या नवऱ्याची तीच. गावी घरी जन्म, नोंद नाही, आणि खरी तारीख घरात कुणालाच ठाऊक नाही. सासूबाईंना एवढंच आठवतं, की भात लावून झालं होतं आणि पाऊस थांबत नव्हता. आम्ही वकिलाला विचारलं, प्रतिज्ञापत्रात काय लिहायचं? तो म्हणाला, ‘जे आठवतं तेवढंच. गाव, वर्ष, आईवडील कोण, आणि शाळेत घातल्यापासून सगळ्या कागदांवर हीच तारीख आहे. न आठवणारं काही आठवलं म्हणून लिहू नका.’ सासूबाईंची सही घ्यायला तालुक्याच्या गावी नोटरीकडे गेलो, तेव्हा त्या ऐंशीच्या घरात होत्या. दुसरी सही आत्याबाईंची. त्या पुढच्याच वर्षी गेल्या. म्हणून म्हणते, साक्षीदार म्हातारे असतील, तर ही कामं लांबवू नका. प्रतिज्ञापत्र जुनं झालं तरी चालतं.

मराठी कागदाला पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं आणि त्याखाली भाषांतरकाराने ‘मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर बरोबर आहे’ असं लिहून सही करायची. त्यासाठी नोटरीची गरज नाही. दोन्ही भाषा चांगल्या येणारा मित्र हे करू शकतो, अर्जदाराने स्वतः करू नये. मेडिकल मात्र आधी करून ठेवू नका. तो अहवाल आता अर्जासोबतच द्यावा लागतो आणि ज्या अर्जासोबत दिला, तो चालू असेपर्यंतच ग्राह्य असतो. लसींच्या नोंदी तेवढ्या शोधून ठेवा. आणि घर बदललं, की दहा दिवसांत इमिग्रेशन खात्याला पत्ता कळवायचा असतो. टपाल खात्याला कळवलं म्हणजे झालं, असं नाही.

आता नोकरी. ‘कंपनी सोडली, की रांगेत पुन्हा शेवटी’ या भीतीने लोक दहा-दहा वर्षं पगारवाढीशिवाय एका खुर्चीला चिकटून राहतात. अर्धी भीती खरी आहे. आय-१४० (कंपनीने तुमच्यासाठी केलेला अर्ज) मंजूर होण्याआधी सोडलं, तर जुनी तारीख हातातून जाते. मंजूर झाल्यावर ती प्रायॉरिटी डेट तुमची. मंजुरीला १८० दिवस होऊन गेले, की जुन्या कंपनीने अर्ज मागे घेतला, तरी त्याच्या आधारावर एच-१बी वाढवून मिळतो. नव्या कंपनीला लेबर सर्टिफिकेट (पर्म) आणि आय-१४० पुन्हा करावं लागतं, तारीख मात्र जुनीच लागते. तेव्हा नव्या ठिकाणी बोलणी करताना ‘पर्म कधी सुरू करणार?’ हा प्रश्न पगाराच्या आकड्याइतक्याच स्पष्टपणे विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. पर्मचा खर्च कायद्याने कंपनीनेच करायचा असतो. तो तुमच्या पगारातून कापायची भाषा झाली, तर तिथेच सावध व्हा. काही कंपन्या आय-१४० ची प्रत हातात देत नाहीत. निदान पावती क्रमांक मिळवा, तोही मिळाला नाही, तर माहितीच्या कायद्याखाली सरकारकडूनच आपल्या फाईलची प्रत मागवता येते.

नोकरी गेली, तर एच-१बी वर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि आय-९४ वरची मुक्कामाची मुदत त्याआधी संपत असेल, तर तेवढेच. ले-ऑफच्या दिवशी माणूस सुन्न असतो, त्या दिवशी नियम वाचायला बसू नये. म्हणून ते आजच वाचा. जोडीदाराच्या एच-१बी वर एच-४ घेता येईल का, व्हिजिटर म्हणून मुदत मागायची का, हे दोघांनी बसून एका पानावर लिहून ठेवा. सहा महिन्यांचा खर्च बाजूला असावा, हे कुणीही सांगेल. मी म्हणते, त्यात चौघांची परतीची विमानतिकिटं आणि घराची लीज मोडण्याचा दंडही धरा.

एच-४ वरच्या बायकांबद्दल (आणि हल्ली बऱ्याच पुरुषांबद्दलही) थोडं. मे २०१५ पासून, जोडीदाराचं आय-१४० मंजूर असेल, तर काम करायची परवानगी मिळते. त्याआधीची माझी वर्षं कशी गेली, ते विचारू नका. एम.एस्सी. झालेली बाई दिवसभर कूपनं कापत होती. परवानगी नसताना ‘पुण्याच्या कंपनीचं काम इथे बसून करते, पैसे तिकडच्या खात्यात येतात’ असं सांगणाऱ्या भेटतात. हे चालतं, असं समजू नका. काम तुम्ही अमेरिकेत बसून करत आहात, पैसे कुठे पडतात याला महत्त्व नाही, आणि ग्रीन कार्डाच्या अर्जात हा प्रश्न येतो. शिकायला मात्र एच-४ वर आडकाठी नाही. ईएडीच्या नूतनीकरणाबाबत एक नवी गोष्ट ध्यानात ठेवा. ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या नूतनीकरणांना पूर्वीसारखी आपोआप मुदतवाढ मिळत नाही. जुनं कार्ड संपलं आणि नवं आलं नाही, तर काम थांबवावं लागतं. १८० दिवस आधी अर्ज करता येतो, तो त्याच आठवड्यात करा.

मुलांचा विषय निघाला, की टेबलाशी शांतता पसरते. भारतातून कडेवर घेऊन आणलेलं लेकरू २१ वर्षांचं झालं, की कायद्याने ते आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतं. २००२ च्या कायद्याने थोडी सूट दिली आहे. नंबर उपलब्ध होईल त्या दिवशीच्या वयातून आय-१४० जितके दिवस प्रलंबित होतं, तितके दिवस वजा करतात. घाईने प्रीमियम भरून पंधरवड्यात मंजुरी घेतली असेल, तर वजा करायला फारसं काही उरत नाही, हे कुणी आधी सांगत नाही. १५ ऑगस्ट २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांसाठी वय पहिल्या तक्त्यावरून धरतात. म्हणजे दुसऱ्या तक्त्यावर अर्ज आत गेला, तरी मुलाचं वय तिथे गोठत नाही. आमच्या मुलीचा जन्म २००३ चा, ती वेळेत सुटली. तिच्या वर्गातला एक मुलगा नाही सुटला, त्याला एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागलं. मूल पंधरा-सोळा वर्षांचं असतानाच हा हिशेब मांडा आणि त्याच्यापासून लपवू नका. कॉलेज निवडताना फी, शिष्यवृत्ती, कॅनडातली विद्यापीठं, भारतातल्या एनआरआय जागा, हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोर असू दे.

आईवडील तिकडे आणि आपण इकडे, याला तोडगा माझ्याकडे नाही. व्यवस्था तेवढी सांगते. आय-४८५ प्रलंबित असताना अ‍ॅडव्हान्स पॅरोलशिवाय देश सोडला, तर अर्ज सोडून दिला असं धरतात. वैध एच किंवा एल व्हिसावर परतणाऱ्यांना त्यातून सूट आहे. नुसत्या एच-१बी वर असाल आणि पासपोर्टातला शिक्का संपलेला असेल, तर भारतात स्टॅम्पिंग आलंच. डिसेंबर २०२५ मध्ये सोशल मीडियाच्या तपासणीमुळे भारतातल्या ठरलेल्या अपॉइंटमेंटा काही महिने पुढे ढकलल्या गेल्या आणि लग्नाला गेलेली माणसं तिकडेच अडकली. म्हणून निघण्याआधी साहेबाशी बोलून ठेवा, की अडकलो तर तिथून काम करता येईल का. आई आजारी असताना मला हे विचारायचं सुचलं नाही. मी पाच आठवडे मुंबईत बीकेसीतल्या वाणिज्य दूतावासाच्या तारखेची वाट पाहत साताऱ्यात बसले होते आणि आता वाटतं, ते पाच आठवडे मिळाले ते बरंच झालं.

वाट कमी करणारे रस्ते थोडे आहेत, पण आहेत. रांग नागरिकत्वावर नाही, जन्मदेशावर ठरते. वडील मस्कतला किंवा कुवेतला नोकरीला असताना जन्मलेली बायको असेल, तर तिच्या जन्मदेशाच्या रांगेत दोघांनाही बसता येतं. अशी दोन जोडपी मला माहीत आहेत, एकाला हे लग्नानंतर सात वर्षांनी कळलं. दोघंही नोकरी करत असाल, तर दोघांच्या नावाने स्वतंत्र अर्ज सुरू करा. एक कंपनी बुडाली, तर दुसरी तारीख राहते. वरच्या गटाचा, म्हणजे ईबी-१ चा मार्ग खऱ्या कामावर असेल, तर जरूर बघा. पुरस्कार विकत घेऊन आणि न लिहिलेले लेख आपल्या नावावर छापून फाईल फुगवून देणारे दलाल सध्या बोकाळले आहेत. खोटेपणा सिद्ध झाला, तर कायमची बंदी येऊ शकते.

संसदेतल्या विधेयकांवर भरवसा ठेवून घराचा हप्ता ठरवू नका. देशनिहाय मर्यादा काढणारं विधेयक जुलै २०१९ मध्ये हाउसमध्ये ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं होतं. सिनेटने डिसेंबर २०२० मध्ये आपली वेगळी आवृत्ती मंजूर केली. दोन्हींचा मेळ बसला नाही आणि सगळं तिथेच राहिलं. आमच्या ग्रुपवर मंजुरीच्या दिवशी पेढ्यांचे फोटो आले होते.

परत जाण्याबद्दल आपल्याकडे हार मानल्यासारखं बोलतात, ते मला पटत नाही. मंजूर आय-१४० ची तारीख भारतात गेल्यावरही शाबूत राहते, पुढे कुणी नव्याने अर्ज केला, तर तीच लावता येते. २०२३ च्या जुलैत कॅनडाने एच-१बी धारकांसाठी १०,००० वर्क परमिट खुली केली, ती दोन दिवसांच्या आत संपली. ज्यांनी कागद भरले, त्यातले सगळे गेले नाहीत, पण खिशात दुसरा पर्याय असलेला माणूस साहेबासमोर वेगळ्या आवाजात बोलतो. आम्ही दोघांनी २०१६ साली ठरवलं होतं, की मुलगी दहावीत जाईपर्यंत हललं नाही, तर कोथरूडला परत. ती दहावीत गेली, आम्ही गेलो नाही. पण ती रेघ आखल्यावर दर महिन्याला बुलेटिन पाहताना नवऱ्याचा हात थरथरायचा, ते थांबलं. रांगेत असतानाही घर घ्यायचं तर घ्या, भाड्यापेक्षा पाच वर्षांत परवडतं का, एवढंच बघा. मृत्युपत्र करा. मुलं इथली नागरिक असतील, तर आपल्या पश्चात त्यांना कोण सांभाळेल, ते लिहून ठेवा. हे कार्डासाठी थांबत नाही.

आणि कार्ड आल्यावर लिफाफा फोडून लगेच ताटात ठेवून ओवाळायला घेऊ नका, आधी वाचा. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, जन्मदेश. चूक सरकारची असेल, तर दुरुस्तीची फी लागत नाही. आमचं कार्ड पिझ्झाच्या जाहिरातींच्या गठ्ठ्यात आलं. नवऱ्याने ते फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून सासूबाईंना वाचून दाखवलं. नाव बरोबर, देश बरोबर, जन्मतारीख १ जून. त्या म्हणाल्या, ‘म्हणजे तिथंही गुरुजींचंच चाललं म्हणायचं.’